गाऱ्हाण्याची परवानगी

आमचे हे मराठा पलटणीत धर्मगुरू होते. जवान त्यांना पंडितजी म्हणत. फौजेत असाही माणूस असतो हे आमच्या गावात कुणाला खरं वाटायचं नाही. चुलतसासरे तर दर रजेत विचारायचे, "काय रे, शत्रूवर मंत्र टाकतोस की फुलं?" हे म्हणायचे, "काका, पहाटे उठतो, आरती करतो, प्रसाद वाटतो. शत्रूपर्यंत प्रसाद पुरत नाही, एवढंच."

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर पलटण पूर्वेच्या सीमेवर गेली. मी तेव्हा देवरुखजवळ आमच्या गावी सासूबाईंपाशी होते. लग्नाला दोन वर्षं झालेली. पत्रं यायची, पण पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसता आकडा. लढाईबद्दल त्यांत काही नसे. लिहायचे ते असं: इथे आपल्यासारखीच सुपारी आणि फणस आहे, फक्त डोंगर नाही, त्यामुळे सारखं उघड्यावर बसल्यासारखं वाटतं. देव सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत; उघडली की देऊळ, बंद केली की सामान. भजनाचा आवाज लांब जाता कामा नये, म्हणून टाळ फडक्यात गुंडाळून वाजवतो. दुपारी पोरांची घरची पत्रं लिहून देतो. कुणाला ताप असला तर उशाशी बसतो. परवा एकाने विचारलं, पंडितजी, माणूस मारला तर पाप लागतं का? मी गीतेतलं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं.

दिवाळी झाल्यावर जे पत्र आलं त्यात माझ्यासाठी काम होतं. पलटणीत आपल्या बाजूची, संगमेश्वर-खेडकडची पुष्कळ पोरं होती आणि त्यांना गाऱ्हाणं हवं होतं. आमच्याकडे गावच्या देवासमोर उभं राहून एकाने सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं आणि प्रत्येक ओळीला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ते गाऱ्हाणं. ह्यांनी लिहिलं होतं, 'मी संस्कृत म्हणतो तेव्हा पोरं हात जोडतात, पण नजर इकडेतिकडे असते. भागोजी गुरवांचा बाळा इथेच आहे. त्याला सगळं तोंडपाठ आहे. पण म्हणतो, बाबा असताना मी कसं घालू, मान त्यांचा. त्यांनी हो म्हटलं तर घालीन. तू भागोजींकडे जा आणि त्यांचा शब्द घेऊन मला कळव.'

मी गेले. भागोजी देवळाच्या पायरीवर बसून समया घासत होते. त्यांची बायको गंगुबाई शेजारी चिंच कोळत होती. मी पत्र वाचून दाखवलं.

"म्हंजे बाळ्यानं तिकडं गाऱ्हाणं घालायचं? आनि देव कुठं हाय तिकडं?"

"ट्रंकेत आहेत, असं हे लिहितात."

"ट्रंकेत," भागोजी हसले. "वैनी, आमचा देव पालखीत बसायला पन नखरं करतो. तो ट्रंकेत जानार?"

"अवो, पोरगा इतक्या लांबून इचारतोय," गंगुबाई म्हणाली, "तर हो म्हना. जीभ झिजते काय?"

"जीभ माझी हाय, पन मान गावानं दिलेला हाय. मी एकट्यानं हो म्हनून कसं चालेल? मानकरी सगळे मुंबैला. शिमग्याला येतील तवा पालखीसमोर इचारू. गाव हो म्हनला तर माझी काय ना नाय."

"आणि त्याच्या आत लढाई झाली तर?" मी विचारलं.

"सा म्हयनं ऐकतोय लडाई, लडाई. त्यांचं पन ठरत नाय." त्यांनी समई उन्हात धरून बघितली आणि पुन्हा घासायला घेतली.

गंगुबाई म्हणाली, "तुमच्या पंडितजींना लिवा, म्हातारा आडमुठा हाय."

मी तेवढं सोडून बाकीचं लिहिलं. ह्यांचं उत्तर लगेच आलं. बाळाने निरोप ऐकला आणि म्हणाला, बाबांचं बरोबर आहे. बाकीची पोरं मात्र त्याच्यावर चिडली होती. त्याला 'मानकरी' म्हणून हाका मारत होती, आणि तो ओ देत होता.

डिसेंबर उजाडला तशी लढाई पेटली आणि महिना संपायच्या आत आटोपलीसुद्धा. रेडिओवर जिंकल्याची बातमी आली त्या दिवशी गावात गूळ वाटला. भागोजींकडे तार त्यानंतर आली. मागोमाग मला ह्यांचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं: 'बाळा गेला. अग्नी मी दिला. तू गंगुबाईंकडे जाऊन बसत जा.'

मी जाऊन बसायची. ती तांदूळ पुढ्यात घेऊन निवडत राहायची, निवडलेलेच पुन्हा.

शिमग्याच्या थोडं आधी हे रजेवर आले ते बाळाच्या अस्थी घेऊन. घरी न येता आधी त्यांच्याकडे गेले. मला निरोप आला म्हणून मीही गेले. ह्यांनी कलश भागोजींच्या हातात दिला. भागोजींनी तो अंगणातल्या झाडाला बांधला आणि ओटीवर येऊन बसले.

"येकच सांगा पंडितजी. घातलं काय त्यानं?"

ह्यांनी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

"मी रागावनार नाय. घातलं आसंल तर सांगा."

"नाही घातलं, भागोजी. निघायच्या आदल्या दिवशी सगळी पोरं रांगेत उभी होती. मी माझे मंत्र म्हटले. मग सगळे बाळाकडे बघायला लागले. एकजण तर म्हणाला, आता तरी घाल की रे. त्याने मान खाली घातली. तुमच्या शब्दाशिवाय नाही म्हणाला."

गंगुबाई उठून आत गेली. भागोजी म्हणाले, "गुनाचा होता," आणि ह्यांना चहा घ्यायचा आग्रह करू लागले.

त्या शिमग्याला मुंबईचे सगळे मानकरी आले. ज्या गोष्टीसाठी गाव जमायचा होता ती कुणी काढली नाही. भागोजी पालखीसमोर उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. पाऊसपाणी मागितलं, गुरंढोरं मागितली, लेकीसुना मागितल्या. त्यानंतर एक ओळ असायची: जी लेकरं गाव सोडून परमुलखात गेलीत, त्यांच्या पाठीपुढं उभा ऱ्हा. ती आली नाही. मला वाटलं, विसरले. पुढच्या वर्षीही आली नाही. त्यानंतर ते जगले तितकी वर्षं ती त्यांनी कधी मागितली नाही.

हे पुढे सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाले, "माझा हुद्दा त्याच्यापेक्षा वर होता. घाल म्हणून हुकूम दिला असता तर त्याने घातलं असतं. बापाच्या शब्दावर हुकूम आला असता, तर त्याच्यावरचं ओझं तरी उतरलं असतं." मी म्हटलं, देवाच्या कामात हुकूम कसा द्यायचा? म्हणाले, "तेच म्हणून गप्प बसलो. आणि भागोजींना तरी खरं कशाला सांगितलं? एरवी मरणाऱ्यांशी रोज खोटं बोलायचो, बरा होशील म्हणून."

आता मान भागोजींच्या नातवाकडे, बाळाच्या धाकट्या भावाच्या दीपककडे आहे. तो जन्मला तेव्हा ती ओळ नव्हतीच. आजोबांच्या तोंडून ऐकलं तसं शिकला. गावातली दोन पोरं सध्या सीमेवर आहेत, म्हणून यंदा मी त्याला बोलावून सगळं सांगितलं.

"आजी, आजोबांनी सोडलेलं मी कसं घेऊ?" तो म्हणाला.

"घे म्हणत नाही. होतं एवढं सांगते. ती ओळ आठवणारी मी एकटी राहिले आणि मला ती घालता येत नाही."

तो बराच वेळ मोबाईल हातात फिरवत बसला. मग गेला.

शिमग्याला मला खुर्ची दिली होती, पालखी ठेवतात त्या सहाणेच्या कडेला. दीपकने माईक बाजूला सारला आणि गाऱ्हाणं घातलं. लेकीसुनांची ओळ झाली आणि तो थांबला. त्याचे ओठ हलले असं मला वाटलं, पण ऐकू काही आलं नाही. लोकांना वाटलं ओळ संपली. सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि दीपक पुढच्या ओळीवर गेला.