नवरीचं पाणी

प्लासिडने फाटक उघडलं नाही. बाहेरूनच कडी वाजवली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"सर, उद्या संध्याकाळी जीनाच्या आंघोळीचं पानी न्यायला येऊ ना? का..." पुढचं त्याने गिळलं.

फर्डिनंड केळीची सुकलेली पानं छाटत होता. कोयता हातात तसाच धरून तो उभा राहिला. असं विचारायची गावात रीतच नव्हती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी त्याच्या वाडीतल्या बावखलातून वाजतगाजत न्यायचं, हे त्याच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी या तळ्याचं पाणी भर मे महिन्यातही गोडं. बँडचा आवाज आला की त्याची बायको विनी फाटक उघडून ठेवायची, बस्स.

"अरे, विचारतोस काय? या की," फर्डिनंड म्हणाला.

"नाही, सध्या विचारलेलं बरं." प्लासिडने टोपी परत डोक्यावर चढवली. "येतो, सर."

आत ये, चहा घे, एवढं म्हणायचं फर्डिनंडच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून विनी बघत होती. ती मागे वळली. आत भांडी जरा जास्तच आपटली गेली.

किनाऱ्यालगत कोळशाचा वीज प्रकल्प येणार असं कळलं तेव्हा सगळं गाव उठलं होतं. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं सुरूच्या बनात येतात, घरोघरच्या खोल्यांत उतरतात, त्यावर अर्ध्या गावाची चूल पेटते. राख अंगावर घ्यायला कोण मरायला येईल इथे? संघर्ष समिती निघाली आणि शाळेतून निवृत्त झालेले फर्डिनंड सर तिचे अध्यक्ष झाले, कारण ज्याच्यावर भांडण होणार नाही असं दुसरं नाव कोणाला सापडेना.

मग कंपनीच्या माणसाने एका बैठकीत पडद्यावर फोटो दाखवले. गावातली सगळी बावखलं. कोणतं कधीच आटत नाही, कोणत्यात उन्हाळ्यातही उभा बांबू बुडतो, सगळं बिनचूक. कामगारांच्या वसाहतीला इथलंच पाणी पुरेल, असं तो हसतमुखाने म्हणाला. गाव सुन्न झालं. घरातली गोष्ट बाहेर गेली कशी? समितीतला तरुण ऑस्कर, त्याला आठवलं: दिवाळीच्या सुट्टीत कॅमेरे घेतलेले दोघे प्लासिडच्या खोल्यांत उतरले होते. झालं! प्लासिडने गाव विकलं.

ठराव वगैरे काही झाला नाही. लेकीच्या, जीनाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन प्लासिड दारोदार फिरला तेव्हा लोक नुसतं "बघू" म्हणाले. आणि समितीच्या बैठकीत ऑस्करने सांगून टाकलं, "त्याच्या मांडवात जो जाईल त्याने आपल्यात बसू नये." सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

ते दोघे प्लासिडकडे झोपले होते, हे खरं. पण बावखलं त्यांना दाखवली होती ती फर्डिनंडने. ते वाडीच्या कुंपणाशी फोटो काढत उभे होते, तर यानेच हाक मारून आत बोलावलं. पाहुणा दारात आला आणि कौतुकाने चार प्रश्न विचारू लागला की या गावातल्या माणसाचं भान सुटतं. विनीने ऑम्लेट-पाव केले. कोणतं बावखल कोणाच्या पणज्याने खणलं, ते सांगत मास्तर सकाळभर त्यांच्याबरोबर हिंडला. निघताना वर घरच्या सुकवलेल्या केळ्यांचं, सुकेळीचं पुडकं बांधून दिलं.

पडद्यावर पहिला फोटो आला तेव्हाच त्याला कळून चुकलं होतं. मूग गिळून बसला. मग त्याने स्वतःची एक समजूत घातली आणि रोज घालत राहिला: अध्यक्षाचंच नाव आलं तर आंदोलन बुडेल, कंपनीला तेच हवंय. कारण चांगलं होतं. फक्त विनीसमोर ते तोंडातून निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँड वाजत आला. एरवी अख्खी आळी नाचत यायची. आज प्लासिडच्या घरच्याच चार बायका होत्या, लाल लुगडी नेसलेल्या, नाचायचं म्हणून नाचणाऱ्या. वाटेवरची दारं बंद होती. खिडक्यांचे पडदे तेवढे हलत होते. विनीने फाटक केव्हाच उघडलं होतं. तीही लाल लुगडं नेसून उभी होती. नवऱ्याला तिने विचारलं नव्हतं.

प्लासिडची बायको रीमा घागर घेऊन पायऱ्या उतरली. प्लासिड फर्डिनंडच्या शेजारी येऊन थांबला.

"सर, एक बोलू?"

"बोल ना."

"ते दोघे जाताना मला सांगून गेलेले. तुमच्या सरांनी सकाळभर फिरवलं, सुकेळीपन दिली."

फर्डिनंड त्याच्याकडे वळला. "मग तू बोलला का नाहीस?"

"कसा बोलनार? समितीला तुमच्याशिवाय कोन आहे? सर पडले तर सगळंच पडेल." प्लासिड पाण्याकडे बघत होता. "माझं काय, लोकांचा राग निवळेल हळूहळू. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका म्हनून सांगितलं. उद्या मांडवात नाही आलात तरी चालेल. मला समजतं."

तेच कारण. इतके दिवस त्याने जपलेलं, जवळजवळ त्याच शब्दांतलं. या माणसाच्या तोंडी मात्र ते किती स्वच्छ होतं! फर्डिनंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शरम अशी अंगभर पसरते, हे त्याला या वयात कळत होतं.

रीमा भरली घागर घेऊन वर आली. तिच्या डोक्यावर चढवायला विनीने हात लावला, तोच फर्डिनंडने घागर काढून घेतली.

"सर, ते बायकांनी न्यायचं असतं," रीमा म्हणाली.

"आज मी नेतो."

बायका खुदकन हसल्या. बँडवाल्यांनाही चेव आला, त्यांनी जोरात वाजवायला घेतलं. पुरुषाच्या डोक्यावर नवरीची घागर गावाने कधी पाहिली नव्हती. एकेक दार किलकिलं झालं, मग उघडलं. "अगं बाई, सर बघ!" कोणीतरी ओरडलं. लोक ओट्यांवर आले. हिंदकळणारं पाणी फर्डिनंडच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं आणि तो खाली मान घालून चालत होता.

क्रुसाजवळच्या कट्ट्यावर समितीची मंडळी रोजच्यासारखी बसलेली होती. ऑस्कर उभाच राहिला.

"सर, हे काय चाललंय तुमचं?"

फर्डिनंडची चाल मंदावली. प्लासिडच्या लक्षात आलं. तो लगबगीने जवळ सरकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "नको, सर. चला पुढे. नवरीचं पानी वाटेत थांबवत नाहीत."

फर्डिनंड थांबला. वळून त्याने बँडवाल्यांना हात केला. ट्रंपेटचा सूर मध्येच तुटला, ढोल एकदा चुकून वाजला आणि गप्प झाला. सगळी आळी बघत होती.

विनी पुढे आली. त्याच्या डोक्यावरची घागर तिने उचलून आपल्या डोक्यावर घेतली.

"बोला आता," ती म्हणाली.