बदकाच्या भुवया

बहिणी दोन आणि टेबल एक. टेबल खिडकीला लावलेलं, आणि उजेडाकडची खुर्ची ताईची. लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं ताई काढायची आणि त्यांत रंग धाकटी भरायची. प्राणी, माणसं, त्यांचं हसणं-रुसणं सगळं ताईच्या रेषेत. धाकटीनं फक्त रेषेच्या आत राहायचं. दोघींचे केस पांढरे झाले तरी हा रिवाज बदलला नव्हता.

ताईच्या हाताची एक खूण होती. ती कशालाही भुवया काढायची. मुंगीला भुवया, किटलीला भुवया, अगदी ढगालासुद्धा. भुवई वर गेली की नवल, आत वळली की राग, बाहेर कलली की रडू. छापखान्यात तिला भुवईताईच म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

मग नवं पुस्तक आलं. घरट्यात नवं अंडं आल्यावर बदकाच्या थोरल्या पिल्लाला काय वाटतं, त्याची गोष्ट. छापखान्याच्या मालकीणबाई स्वतः घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "या वेळी रेषा नको. नुसता रंग हवाय. धाकट्या बाई एकट्याच करतील."

"छान झालं की," ताई म्हणाली आणि हातातला ब्रश तिनं चहाच्या कपात बुडवला.

रंग एकटा पुरला तर ताई हवी कशाला? त्या दिवसापासून ती धाकटीला पाण्यात पाहू लागली. अगदी खरोखरच्या पाण्यात. ब्रश धुवायची बरणी दोघींत एकच. धाकटीनं ब्रश बुडवला की पिवळा रंग धुरासारखा पसरायचा, आणि ताई हातचं काम सोडून त्याकडे टक लावून बसायची. तोंडाचा पट्टा मात्र चालूच.

"डोळा म्हणून नुसता ठिपका? आळशीपणा आहे हा."

"हो."

"आणि तोंड?"

"चोच आहे की."

"हसतंय का रडतंय, पोरांना कळायचं कसं?"

"कळेल गं. पोरं काही तुझ्याएवढी मोठी नसतात."

एका सकाळी मधलं पान झालं. आधीच्या पानांवर पिल्लाभोवती उन्हासारखा पिवळा असायचा. या पानावर धाकटीनं कागद ओला करून तिरपा धरला आणि सगळा पिवळा ओघळत अंड्यापाशी जमू दिला. पिल्लाजवळ उरला कोरा कागद. पिल्लू आधीसारखंच होतं, तोच ठिपका, तीच मिटलेली चोच. पण त्याला थंडी वाजत होती.

ताईच्या घशात काहीतरी अडकलं. धाकटी झाली तेव्हा आईच्या मांडीकडे बघत ती अशीच दाराशी उभी राहिली होती. हे हिला कुणी सांगितलं? ही तर मांडीवर होती! आणि एकाही भुवईशिवाय! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकटी कागद आणायला बाजारात गेली. दाराची कडी वाजली तशी ताईनं सगळ्यात बारीक ब्रश उचलला, काळ्या रंगात बुडवला आणि दोन फटकारे मारले. आत वळलेल्या, ठसठशीत भुवया.

मारल्या मारल्या तिला कळलं. पिल्लू आता जळत होतं, कुणालाही दिसेल असं. पण त्याची थंडी गेली होती. ते आता कुणाच्याही घशात अडकणार नव्हतं. तिनं ओल्या फडक्यानं टिपून पाहिलं, तर काळा आणखीच पसरला.

धाकटी आली. पिशवी हातातच राहिली.

"ताई, बदकाला भुवया कुठं असतात?"

"चेहरा रिकामा दिसत होता."

"रिकामाच ठेवला होता मी. मुद्दाम." धाकटीनं पिशवी खाली टाकली. "तो पिवळा आता पुन्हा तसा ओघळायचा नाही. उद्या चित्रं न्यायला येतील. काय देऊ त्यांना, तुझ्या भुवया?"

धाकटीनं नवा कागद भिजवला. पिवळा भलतीकडेच धावला. पुन्हा भिजवला, तर अंड्यापाशी नुसता चिखल झाला. मग हात थांबवून ती ताईकडे बघत राहिली. ताईनं मान खिडकीकडे फिरवली होती. दिसत होती फक्त तिची पाठ.

धाकटीनं पुन्हा कागद घेतला आणि पिल्लूच फिरवलं. बघणाऱ्याकडे पाठ. डोळा नाही, चोच नाही. नुसती खाली गेलेली मान, आणि पलीकडे लांब, पिवळ्याधमक उजेडात अंडं.

"घे," तिनं कागद ताईपुढे सरकवला. "आता काढ भुवया."

ताईनं पाहिलं. चित्र पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं, आणि तेच तर सहन होईना. कौतुकाचा शब्द जिभेवर आला, तिथंच घुटमळला आणि भलताच होऊन बाहेर पडला.

"पाठ जरा जाडच झालीय पिल्लाची."

"होणारच," ब्रश झटकत धाकटी म्हणाली, "तुझ्यावर गेलंय ते."

ताई उठली. बरणीतलं गढूळ पाणी तिनं मोरीत ओतलं, स्वच्छ भरून आणलं आणि धाकटीच्या हाताशी ठेवलं. उजेडाकडची खुर्ची मात्र तिनं सोडली नाही.