पथारीची सुनावणी

स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला जुनी पेठ लागते. सागवानी खांब, कोरलेले कठडे, दारावर मोर, असं एके काळी तिथल्या सगळ्याच घरांना होतं. आता ते एकट्या प्रमिलाबाईंच्या घराला उरलं होतं. बाकीच्यांनी खांब विकले, मोर विकले आणि गुळगुळीत फरशा लावल्या. प्रमिलाबाईंचा सख्खा पुतण्या भूपेंद्र, त्यानं तर आजोबांचं दार व्यापाऱ्याला देऊन तिथं शटर बसवलं होतं.

घरांच्या पाठीमागं पथारी होती. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायची मोकळी जागा. चांगली दीड एकर, आणि यजमान गेल्यापासून प्रमिलाबाईंच्या नावावर. तिच्या कडेला ताडपत्रीच्या नऊ झोपड्या होत्या. मिरचीचे देठ खुडायला डोंगरातून उतरलेली माणसं त्यांत राहायची. काठी गावाकडचा रायसिंग आणि त्याची बायको कोकिळा त्यांच्यात सगळ्यांत जुनी.

नगरपालिकेनं स्टेशनाभोवतीच्या वस्तीचा आराखडा काढला, तेव्हा नियोजन विभागाच्या रिना मॅडम स्वतः प्रमिलाबाईंच्या ओट्यावर येऊन बसल्या. पोरगी हुशार होती आणि चहाला नाही म्हणाली नाही.

"पेठेला हात लावायचा नाही, मावशी. रस्त्यावरून दिसते तशीच दिसेल. मागं पथारीवर चार मजले, साठ लहान घरं. त्यातली पहिली नऊ आज तिथं राहतात त्यांना. जमिनीचा मोबदला तुम्हाला मिळेल. फक्त सुनावणीत तुमची संमती हवी."

प्रमिलाबाईंना ते पटलं. संध्याकाळी कोकिळा परसदारी आली. "माय, आम्हले खोली भेटी?"

"भेटी. मी सोता बोलसू. तू चिंता नको करू."

पेठेला मात्र ते पटलं नाही. साठ बिऱ्हाडं मागच्या गल्लीत, तीही कोणाची? हे तोंडानं कोणी बोललं नाही. बोलले ते वारशाबद्दल. भूपेंद्रनं अर्ज लिहिला, त्यावर सतरा सह्या घेतल्या आणि काकूंच्या ओट्याचा फोटो चिकटवला.

"काकू, आपला वारसा शे हाऊ. वाचाडना पडी."

"कोणता वारसा, भूपेंद्र? तुन्हा शटरवर तर कंपनीनं नाव शे."

शेजारचे हिलाल अण्णा खो खो हसले. हसून झाल्यावर सही करून गेले.

सुनावणी शुक्रवारची होती. कोणी मोठे साहेब येणार म्हणून ती पुढं ढकलली, आणि नेमकी श्रावणातल्या सोमवारी ठेवली. इथंच सगळं अडलं. चार वर्षांपूर्वी प्रमिलाबाईंच्या मुलाची, भाग्येशची, गाडी अक्कलकुव्याच्या पुढं उलटली होती. तीन दिवस तो डोळे उघडत नव्हता. तेव्हा त्यांनी महादेवाला नवस बोलला होता: पोरगा उठला, तर जन्मभर श्रावणातले सोमवार काष्ठमौन धरीन. काष्ठमौन म्हणजे लाकडासारखं. आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही, खूण करायची नाही, लिहायचंही नाही. भाग्येश उठला, पुढं नोकरीला परगावी गेला. व्रत एकदाही चुकलं नव्हतं.

म्हणून रविवारीच त्यांनी वहीच्या कागदावर संमती लिहिली, खाली सही केली. भूपेंद्र दूध घेऊन आला होता.

"आन ते इकडे, काकू. मी सकाळमा लवकर जाई ऱ्हायनू. पहिलेच खिडकीवर देई टाकस."

पोर मांडीवर खेळवलेलं. शंका आली नाही असं नाही. आली होती, खोटं कशाला सांगा? पण उद्या कागद आपल्या हातानं पुढं करणं ही खूणच झाली असती. त्यांनी कागद दिला, हात जोडले आणि बाकीचं देवावर टाकलं.

सोमवारी सभागृह भरलं होतं. पेठ पुढच्या खुर्च्यांवर, पथारीची माणसं दाराशी उभी. रिना मॅडमनी यादी चाळली.

"प्रमिलाबाई, तुमचं लेखी काहीच आलेलं नाही. पथारीसाठी संमती आहे ना?"

भूपेंद्र उठला. "काकूंचं आज मौन असतं, मॅडम. पेठेचं मत तेच त्यांचं मत."

त्याच्या शर्टाच्या खिशातून वहीच्या कागदाचं टोक वर आलं होतं. निळ्या रेघा प्रमिलाबाईंना चांगल्या दिसल्या.

"मौन असलं तरी हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसती मान हलवा. नाहीतर इथं सही करा." त्यांनी पेन टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं.

प्रमिलाबाईंनी पेनाकडं पाहिलं. दाराशी कोकिळा टाचा उंच करून उभी होती. मान हलवायची, एवढंच. पण डोळ्यांसमोर उलटी गाडी आली, पांढऱ्या पट्टीतलं भाग्येशचं डोकं आलं. त्यांची मान ताठ राहिली. मागून हिलाल अण्णा कौतुकानं पुटपुटले, "काय निष्ठा शे बाईनी."

मॅडमनी पेन परत उचललं. मग त्यांनी लिहिलं: जमीनमालक हजर, संमती दिली नाही.

दिवेलागणीला प्रमिलाबाईंनी देवाचं नाव घेऊन तोंड उघडलं, तोच भूपेंद्र कागद घेऊन आला. "तुन्हा कागद, काकू. मी फाडा नही."

"काबर दिन्हा नही?"

"काबर देऊ? तुन्हं खरंच मन असतं तर तू मान हलावती ना."

त्यांनी रात्रीचं पारणं केलं नाही.

मंगळवारी सकाळी त्या कागद घेऊन कचेरीत गेल्या. रिना मॅडमनी तो वाचला आणि दुमडून परत दिला. यादी कालच पुढं गेली होती. पथारी आराखड्यातून वगळली होती. पेठेच्या अर्जाप्रमाणे आता ती 'वारसा परिसरातली मोकळी जागा'. झोपड्या महिन्याभरात उठवायच्या.

"लांबलांबून लोक येतील तुमच्या घराचे फोटो काढायला," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात धार होती, आणि ती लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

पथारीवर कोकिळा ताडपत्रीच्या दोऱ्या सोडत होती. महिना कोण थांबतो? रनाळ्याकडं एका मळ्यात काम होतं.

"कोकिळा, मन्हं व्रत व्हतं."

"मालूम शे, माय." ती दोरी सोडतच राहिली. "मन्हा रायसिंग होळीनी पाळनी धरस. पाच दिन खाट नही, चप्पल नही, बाईले हात लावना नही. एक साल मी बाळंतपणमा अडकी गऊ. त्यानी मले पाठवर लिधं आन अक्कलकुवाना दवाखानामा लई गया. पाळनी मोडी गई."

"मंग?"

"मंग काय? पुजारानी सांगं, पुढला साल दुप्पट धर. धरी त्यानी." ती हसली. त्या हसण्यात राग असता तर प्रमिलाबाईंना बरं वाटलं असतं.

"मन्ही मागली पडवी रिकामी शे," त्या घाईनं म्हणाल्या. "तठे ऱ्हा तुम्ही."

कोकिळानं हातातली दोरी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"आन पाणी कोणता नळवर भरसू, माय? तुन्हा?"

घरात नळ एकच होता, देवघराच्या भिंतीला लागून. त्याच्या पाण्यानं रोज पहाटे सोवळ्यात पिंडी न्हायची. आज मंगळवार होता. कसलं मौन नव्हतं. प्रमिलाबाईंनी तोंड उघडलं, पदर सारखा केला, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

कोकिळानं खाली वाकून ताडपत्रीचं दुसरं टोक सोडायला घेतलं.