सिंगल बेल

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी फिल्मबिल्म काही दाखवली नाही. त्यांनी खुर्ची सगुणाजवळ ओढली आणि सांगितलं की किडनीचा कॅन्सर आता किडनीपुरता राहिलेला नाही. तो कमरेच्या हाडात आणि मणक्यात उतरला आहे. गोळ्यांनी काही काळ थोपवता येईल. काढून टाकता येणार नाही.

चांगदेव बायकोच्या मागे, पिशवी छातीशी धरून उभा होता.

"मग आम्ही करायचं काय?" त्याने विचारलं.

"त्यांना दुखू द्यायचं नाही," बाई म्हणाल्या. "तेवढं आपल्या हातात आहे."

चांगदेवची सगळी नोकरी एसटीत गेली होती, खोपट डेपोला, ड्रायव्हर म्हणून. वरून आलेला हुकूम छोटा आणि स्पष्ट असला की त्याला तो पाळता येई. हा त्याने तसाच घेतला. तिला दुखू द्यायचं नाही.

परतताना सगुणाच म्हणाली, "एवढं ठाण्याला आलोय, तर तुमच्या डेपोच्या कॅन्टीनचा चहा पिऊन जाऊ." तिथे बसल्यावर त्याने कप बाजूला सारला आणि रुमाल काढला. समोरच्या दोन प्लेट भजीतली त्याची प्लेटही तिनेच संपवली.

"अहो, रडायचं असेल तर चहा पिऊन रडा. गार होतोय."

कल्याण पूर्वेला त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांतच सगुणाचे तळहात आणि तळपाय लाल झाले. "उन्हातल्या डांबरावर उभं राहिल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

हे मात्र चांगदेवला नेमकं कळलं. जुन्या गाड्यांना इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असे. उन्हाळ्यात नगरची फेरी करून आला की त्याचे पाय भट्टीतून काढल्यासारखे व्हायचे. मग सगुणा जमिनीवर बसून त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि तूप लावून काशाच्या वाटीने तळवा घासायची. वाटी त्याच्या आईची, केशरबाईची. घासता घासता तूप काळं पडलं की सगुणा म्हणायची, "निघाली बघा आग." आणि खरंच त्याला झोप लागायची.

त्याने फळीवरची वाटी काढली. आता पाळी त्याची होती.

रोज संध्याकाळी, शेजारच्या विहारात वंदना सुरू झाली की तो तिचा पाय मांडीवर घेई. हात जड, पण घासणं मनापासूनचं. तूप काळं पडलं की तो वाटी तिला दाखवी.

"निघाली बघ आग."

"निघाली हो," ती भिंतीकडे बघत म्हणे.

हॉस्पिटलमधून घरी येऊन बघणारी नर्स पहिल्यांदा आली ती अशाच एका दिवशी, संध्याकाळच्या आधी. करिश्मा नाव, डोंबिवलीची. पाठीवर सॅक, हातात हेल्मेट. तिने सगुणाची पाठ बघितली, तोंड आतून बघितलं, आणि मग मोजे काढले. डाव्या टाचेवर फोड होता. उजव्या तळव्याची कातडी सुटून आली होती.

"काकू, हे कशानं झालं?"

"चालून."

"चालून कुठे जाता तुम्ही? बाथरूमपर्यंत?"

सगुणाने पाय चादरीखाली ओढून घेतले. चांगदेवला वाटलं, आपण करतोय ते नर्सबाईंना सांगायला हवं. त्याने उत्साहाने वाटी आणून दाखवली.

करिश्माने ती हातात घेतली, उलटीपालटी केली. "आमच्या आजीकडे पण आहे अशी," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, नेहमीच्या उष्णतेला हे ठीक आहे. पण ही आग या गोळ्यांची आहे. यात कातडी आधीच नाजूक होते, घासलं की फुटते. चोळायचं नाही, गरम पाणी नाही, काही नाही."

चांगदेव स्टुलावर बसला. मग बायकोला म्हणाला, "दुखत होतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"अहो, तुम्ही इतकं मन लावून करत होता," सगुणा म्हणाली. "दुसरं येतं काय तुम्हाला? चहा करता तो डिझेलसारखा."

करिश्माला हसू आलं. मग ती पलंगावर टेकली. "काकू, यांचं मन राखायला पाय सोलून घेतलेत तुम्ही?"

चांगदेव उठला आणि वाटी खिडकीत ठेवून आला. आत तूप तसंच होतं.

करिश्माने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पाय बरे होईपर्यंत गोळ्या थांबवायच्या ठरल्या. मग तिने चांगदेवला समोर बसवून शिकवलं. गार पाण्याची घडी ठेवायची, टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. मलम बोटाने नुसतं टेकवत जायचं. पोटरीखाली उशी घालायची, म्हणजे टाच अधांतरी राहते. कूस बदलताना हात धरून ओढायचं नाही, हाडं ठिसूळ झालीत. खालच्या चादरीला धरून वळवायचं. दुखण्याची गोळी दुखायची वाट न बघता वेळेवर द्यायची, आणि तिच्याबरोबर पोट साफ राहायचं औषधही.

"काकू, आता कितपत दुखतंय? अजिबात नाही म्हणजे शून्य, सहनच होत नाही म्हणजे दहा."

"दोन."

"कूस बदलताना?"

"दोनच."

दारात सँडल घालताना करिश्मा चांगदेवला हळूच म्हणाली, "यांच्या तोंडावर विश्वास ठेवू नका हं काका."

त्या संध्याकाळी चांगदेव मलम लावायला बसला. बोट टेकवायचं आणि तिच्या तोंडाकडे बघायचं. तोंड आपलं शांत. शेवटी त्याने हात मागे घेतला.

"सगुणे, मी जन्मभर मागे न बघता गाडी चालवली. मागे कोण चढतंय, कोण उतरतंय, मला काय दिसायचं? कंडक्टरची बेल तेवढी ऐकायची. सिंगल बेल म्हणजे थांबा. डबल बेल म्हणजे चला. सिंगल आली की ब्रेक. का म्हणून विचारायचं नाही."

"बरं मग?"

"मग तू बेल दे."

"दोरी कुठे बांधू? तुमच्या कानाला?"

"कॉट लोखंडी आहे. हातातली बांगडी वाजव तिच्यावर."

"आणि उगाच वाजवली तर?"

"वाजव. गाडी थांबणार."

तो परत मलम लावू लागला. एक पाय झाला, बेल नाही. दुसऱ्या पायाच्या टाचेशी आला आणि ठण्ण झालं. चांगदेवचं बोट हवेतच थांबलं. तो तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळाने ठण्णठण्ण झालं, तेव्हा त्याने बोट खाली नेलं. वर बघितलं तर सगुणा हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"एवढं दुखत होतं?"

"ड्रायव्हर विचारत नाही," ती म्हणाली.

पुढे बेलचा तिला नादच लागला. शेजारच्या बाई येऊन गावभरच्या आजाऱ्यांच्या गोष्टी सांगू लागल्या की पलंगावर ठण्ण होई, आणि चांगदेव उठून म्हणे, "वहिनी, तिला जरा पडू द्या." टिटवाळ्याहून लेक, दर्शना, यायची. तिने आईला जबरदस्तीने पेज भरवायला घेतली की ठण्ण. "बाबांनी काय शिकवलंय हे तुला!" दर्शना चिडायची. चांगदेव मात्र खूश असे. कूस बदलताना बेल आली की तो चादर सैल सोडे. बेल जास्त येऊ लागली की करिश्माला फोन करून सांगे, आणि ती डॉक्टरांना विचारून औषध वाढवून देई. सगुणाचे पाय भरून आले. मग कमी ताकदीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या वेळी मलम, उशी, मोजे यांत चांगदेव एकदाही चुकला नाही.

होळीच्या सुमारास हॉस्पिटलात पुन्हा हाडांचे फोटो काढले. आजार गोळ्यांना जुमानत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सलाइनमधून द्यायचं दुसरं औषध आहे, त्यासाठी दर थोड्या दिवसांनी ठाण्याला यावं लागेल. उपयोग होईल का, सांगता येत नाही. त्रास मात्र होईल. घरी बसून ठरवा.

चांगदेवने वाटेतच ठरवून टाकलं होतं. घरी आल्या आल्या त्याने डेपोतल्या जुन्या सोबत्याला, प्रफुल्लला, फोन केला आणि मग स्टूल ओढून पलंगाजवळ बसला.

"प्रफुल्लची गाडी ठरवलीय. मागची सीट पूर्ण आडवी होते. उशा घालू दोन्ही बाजूंनी. मी पुढे बसतो, खड्डा आला की आधीच सांगतो त्याला. पहाटे निघालं की…"

ठण्ण.

"ऐकून तर घे. दर्शना पण म्हणते की…"

ठण्ण.

"सगुणे."

तिचा हात पलंगाच्या कडेवर होता. बांगडी आता कोपरापर्यंत सरकत होती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि या वेळी तिची नजर भिंतीकडे वळली नाही.

का, हे विचारायला त्याचं तोंड उघडलं होतं. नियम त्याचाच होता. तो डबल बेलची वाट बघत बसला. विहारात वंदना सुरू झाली, संपली. शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बेल आली नाही. तेव्हा त्याने फोन उचलला.

"प्रफुल्ल, गाडी नको रे. नाही, बरं वगैरे काही नाही. नको म्हणते ती."

फोन ठेवल्यावर सगुणा म्हणाली, "आता चहा करा. डिझेल तर डिझेल."

त्यानंतर करिश्मा जास्त वेळा येऊ लागली. गोळी गिळवेना तेव्हा जिभेखाली टाकायचं पातळ औषध तिने आणून दिलं. ओठ ओल्या कापसाने भिजवायला शिकवलं. सगुणा बराच वेळ झोपून असे. जागी झाली की दर्शनाकडे, मग चांगदेवकडे बघे, आणि पुन्हा डोळे मिटे. बेल कमी झाली. करिश्मा तिच्या कपाळाकडे, भुवयांकडे बघून म्हणाली, "दुखत नाहीये काका. खरंच."

गेली ती दुपारी. दर्शना आत भात लावत होती. चांगदेव पायांना मलम लावत होता. पाय आता छान झाले होते, कुठे चीर नाही, फोड नाही. कान नेहमीसारखा बेलकडे. डावा पाय झाला, उजवा झाला. मोजे चढवले, पोटरीखालची उशी नीट केली. एकदाही बेल आली नाही, म्हणून त्याला बरं वाटलं. मग त्याने वर बघितलं.

पुढचं सगळं दर्शनाने निस्तरलं. साड्या नातेवाइकांत दिल्या, आजारपणापुरती मागून आणलेली कॉट परत केली. उरलेलं औषध करिश्मा येऊन हॉस्पिटलला घेऊन गेली. जाताना तिने चांगदेवच्या हातचा चहा मागून घेतला आणि सगळा प्यायली.

वाटी अजून खिडकीत आहे. तूप वाळून तिच्या तळाला काळं धरलं आहे. सगुणा असती तर चिंच लावून तिने ती कधीच लख्ख केली असती. चिंच कुठल्या डब्यात आहे ते चांगदेवला ठाऊक आहे. वाटी घासायची राहिली आहे.