भट्टीपुढचा अर्धा खड्डा

रविवार, ३० मार्च २०२५. सकाळी सात वाजता आमच्या गल्लीच्या भट्टीसमोर एकसष्ट घरांचे एकसष्ट ट्रे रांगेत होते. एकोणतिसावा रोजा चालू होता. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. घराघरांत पीठ मळून वळलेली मिठाई भाजून नेण्यासाठी सगळी गल्ली लोटली होती.

भट्टी आम्हा पाच शेजाऱ्यांच्या भागीदारीची आहे. त्यात दुरुस्तीचे काम माझे, कारण तरुणपणी मी कॅसाब्लांकाच्या तंत्रशाळेत शिकलो. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून बुआझ्झा लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे आत-बाहेर करतो. आम्ही त्याला मुअल्लिम, म्हणजे उस्ताद म्हणतो. भाजलेला ट्रे उचलताना प्रत्येक घर एक नग दाराजवळच्या फळीवर ठेवते. तो उस्तादाचा मान. मदतनिसाला तो कधीच मिळत नाही.

इत्तो चार वर्षे दाराशी ट्रे घेणारी मदतनीस होती. डोंगराकडची, चाकांच्या खुर्चीवर वावरणारी, आणि कुठला ट्रे कुठल्या घरचा हे मिठाईच्या कडेची दुमड पाहून सांगणारी. तिला भट्टीचे तोंड हवे होते. आम्ही भागीदारांनी ठरवले, की त्या दिवशी तिच्यासाठी दुसरी फळी लावायची. निम्म्याहून अधिक घरांनी तिथे नग ठेवला, तर इत्तो दुसरी उस्ताद आणि सहावी भागीदार. नाही ठेवला, तर पुन्हा दाराशी.

मुख्य अडचण खड्ड्याची होती. भट्टीचा तळ नजरेच्या रेषेत यावा म्हणून उस्ताद खड्ड्यात उभा राहतो. आठवड्यापूर्वी मी मोजमाप घेऊन त्या खड्ड्यात लाकडी मंच बसवला आणि खुर्चीसाठी उतार केला. इत्तोची नजर अचूक रेषेत आली. मी अतिशय खूश झालो. मग त्याच मंचावर सहा फुटी बुआझ्झा चढला आणि कमरेतून वाकला तो वाकलेलाच राहिला.

“वा रे जिलाली! एकीला वर काढलंस आणि दुसऱ्याला रुकूत वाकवलंस. मी आता नमाज इथंच पढू का?” असे म्हणून तो तडक घरी गेला.

त्याचे म्हणणे योग्य होते. मी मंच उभा कापला: डावीकडे मंच, उजवीकडे खड्डा. पण तो परत येईल का, हे त्या सकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

सात वाजून गेले आणि तो आला. खड्ड्यात उतरला, ताठ उभा राहिला, आणि त्याने डावीकडे मंचावरच्या इत्तोकडे वळून पाहिले. दोघांचे डोळे एका उंचीवर होते.

“पोरी, डावी बाजू तुझी,” तो म्हणाला. “माझ्या फावड्याला फावडं लागलं तर रोजा विसरून ओरडेन.”

“तुम्ही रोज ओरडताच की मुअल्लिम. रोज्याला सवय झालीय.”

रांगेत हशा पिकला. फक्त लल्ला बतूल हसली नाही. लल्ला म्हणजे बाईसाहेब; गल्लीत तिच्या शब्दाला वजन. “माझ्या बदामाच्या चंद्रकोरी आहेत. पांढऱ्या राहायला हव्यात,” ती म्हणाली. “चाकावरून डोलत भाजायच्या नाहीत.” आणि ट्रे डोक्यावर घेऊन ती पलीकडच्या मोहल्ल्यात गेली.

मग जे सुरू झाले ते पाहताना माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. लांब दांड्यांची दोन फावडी आत-बाहेर, आरोळ्या, तुपाचा आणि संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास. “डावीकडे जाळ चढला!” “ढकल इकडे!” “घ्या!” दुपारपर्यंत एकही ट्रे करपला नाही. पण बायका सवयीने एकाच फळीवर नग ठेवत आणि घाईने निघून जात. चार वाजता बुआझ्झाची फळी भरली होती. इत्तोच्या फळीवर नऊ नग होते. ती तिकडे पाहत नव्हती, आणि ते मला अधिक लागत होते.

पाच वाजता लल्ला बतूल घामाघूम परतली. पलीकडच्या भट्टीने रांग बंद केली होती.

“मुअल्लिम, तुम्ही घ्या हो.”

“माझी बाजू तापलीय. पांढरं हवं ना? मग तिच्याकडं.”

ट्रे डावीकडे सरकला. थोड्या वेळाने बुआझ्झा कुजबुजला, “काढ आता.”

“नाही. बूड कच्चं आहे.”

“अगं जळेल!” बतूल किंचाळली.

इत्तोने खुर्चीचे चाक हाताने दाबून धरले, आत टक लावून पाहिले आणि एकदम फावडे ओढले. चंद्रकोरी दुधासारख्या पांढऱ्या होत्या. बतूलने एक उलटी केली. खालून जेमतेम सोनेरी. उपास असल्याने चव घेता येईना. तिने नुसता वास घेतला, पुन्हा घेतला. मग एक चंद्रकोर तिने इत्तोच्या फळीवर ठेवली, दारात गेली आणि गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज लावला:

“अगं बायांनो! उस्ताद दोन आणि मान एकालाच? तुमच्या घरी दोन जावई आले तर एकालाच जेवायला घालता का?”

खिडक्या उघडल्या. कोणी धावत आली, कोणी मुलीला पिटाळले, एकीने तर दुसऱ्या मजल्यावरून टोपली सोडली. बुआझ्झाने स्वतःच्या घरच्या ट्रेमधला नग उचलला आणि खड्ड्यातूनच हात लांबवून त्या फळीवर ठेवला. इत्तो हसत होती की रडत होती, धुरामुळे मला नीट दिसले नाही.

सूर्यास्ताची अजान झाली तेव्हा इत्तोच्या फळीवर एकसष्टांपैकी अठ्ठेचाळीस घरांचे नग होते.