चुकीच्या जागी शिवलेलं पान

बाइंडरला जन्मभर दोन गोष्टींची भीती वाटत आली. एक, कुणी बघत असताना काम करायची. आणि दुसरी, आपण केलेल्या कामावर कुणी विसंबून राहील याची. पहिल्या भीतीवर त्याने तोडगा काढला होता. एका मोठ्या वाचनालयाच्या तळघरात, खळीच्या वासात, चाळीस वर्षं तो फाटकी पुस्तकं शिवत बसला. वर कुणी बोलावलं की त्याला खोकला यायचा. दुसऱ्या भीतीवर तोडगा असा काही नव्हता, पण ती कधी खरीही ठरली नव्हती. एखादं पान मागेपुढे शिवलं गेलं तर वाचणारा फार तर कपाळाला आठ्या घालतो. त्यात कुणाचा जीव जात नाही.

त्या सकाळपर्यंत तरी त्याची अशी समजूत होती.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सासऱ्यांचा चेनचा ट्रॅक्टर उभा होता. चाकांऐवजी दोन्ही अंगांना लोखंडी पट्टे, आणि वजन असं की शेडची जमीन त्याच्याखाली वीतभर खचलेली. सासऱ्यांनी त्याच्यावर बसून अर्ध्या डोंगराला वाट पाडली. त्यांच्यानंतर बायकोच्या थोरल्या भावाने तो तीस वर्षं चालवला आणि त्या धडधडाटात उजवा कान पुरता आणि डावा निम्मा घालवला. मग एके दिवशी ट्रॅक्टर बंद पडला तो पडलाच. सीटच्या फाटक्या रेक्झिनमधून वेल उगवला आणि छपराला जाऊन टेकला.

मेहुण्याची बायको गेली तेव्हा तो बहिणीकडे राहायला आला. तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवायला हाक मारली की "हूं" म्हणायचा आणि उठायचा नाही. मग एका दुपारी चहाचा कप खाली ठेवता ठेवता तो आपणहून बोलला.

"भाऊजी, बाबांचं धूड उठवायचं का?"

बाइंडरला पानाही नीट धरता येत नव्हता. पण बायकोने डोळे असे काही वटारले, की तो म्हणाला, "उठवू या की."

कामाची वाटणी मेहुण्यानेच केली. "मशीन माझं, पोथी तुमची." पोथी म्हणजे ट्रॅक्टरचं दुरुस्तीचं जुनं पुस्तक. सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत त्याचा नुसता पाचोळा उरला होता. शिवण सुटलेली, आणि पानांचे खालचे कोपरे उंदरांनी कुरतडल्यामुळे पृष्ठांकांचा पत्ता नाही. बाइंडरने ती पानं मजकुराचा अर्थ लावत लावत क्रमाने रचली, दाभणाने भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवली आणि निळा पुठ्ठा चढवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपलं काम कुणाला तरी हौसेनं दाखवलं.

"वा!" मेहुणा पुस्तक हातात तोलत म्हणाला. "एवढ्या चांगल्या पुस्तकाला हात लावायचा म्हणजे अंघोळ करावी लागणार."

काम जमत गेलं. बाइंडर वाचायचा, मेहुणा नट-बोल्ट फिरवायचा. गंजलेले पट्टे उतरले, त्यांच्या आतली दातेरी चाकं निघाली, आणि शेवटी डाव्या बाजूची ताणाची स्प्रिंग बाहेर आली. दगड आदळला तर पट्टा तुटू नये म्हणून ती असते. मनगटाएवढ्या जाड सळईची, माणसाच्या कमरेइतकी उंच. तिच्या पोटातून एक लांब दांडा गेलेला, आणि दांड्याच्या टोकाला वाटीएवढा नट. दोघांनी ती चेनकप्पीने उचलून दोन ओंडक्यांवर आडवी ठेवली.

मेहुण्याला तिची माहिती नव्हती. "आम्ही चालवणारे. हे असलं वर्कशॉपवाले करायचे," एवढंच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तेलाचे सील आणायला बाहेरगावी गेला.

बाइंडर एकटाच राहिला. कुणी बघत नव्हतं, त्यामुळे त्याला हुरूप आला. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं: दांड्याच्या टोकाचा नट सैल करून काढावा. त्याने नटावर रॉकेल ओतलं, पान्याला सहा फुटी पाइप जोडला आणि लोंबकळला. नट कुरकुरत फिरला. एक फेरा झाला की भिंतीवर खडूची एक रेघ. अकरा रेघा होईपर्यंत अंधारून आलं. एकच गोष्ट त्याला जरा चमत्कारिक वाटली. गंजलेला नट एकदा हलला की पुढे सैल पडत जातो, असं मेहुणा नेहमी सांगायचा. हा नट अकराव्या फेऱ्यालाही पहिल्याइतकाच घट्ट होता.

रात्री मेहुणा परतला. जेवताना बाइंडरने भीत भीत सांगितलं, "नट मी जवळजवळ काढलाय. आता दांड्यावर तीन आट्यांपुरता उरलाय."

"तुम्ही?" मेहुण्याचा घास हातातच राहिला. "चिमे, ऐकलंस का? तुझा नवरा बिघडला. उद्या मिशा ठेवेल."

"दादा, जेव गुपचूप," बायको म्हणाली, पण हसली.

"उद्या एक घाव घालतो. येईल बाहेर," मेहुणा म्हणाला.

त्या रात्री बाइंडर किती तरी वर्षांनी समाधानाने झोपला.

सकाळी मेहुणा शेडकडे गेला, तेव्हा बाइंडर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पुढचा भाग वाचत होता. खिडकीतून ऊन पानावर आलं होतं. स्प्रिंग परत बसवण्याच्या प्रकरणात एक चित्र होतं. शिकंज्याचे दोन जाड लोखंडी पाट, त्यांच्यामध्ये आवळलेली स्प्रिंग, आणि खाली ओळ: स्प्रिंग शिकंज्यात पूर्ण आवळली आहे याची खात्री करावी; समोर कोणीही उभे राहू नये. पानं रचताना ते त्याला सरळच वाटलं होतं. काढायचं म्हणजे सैल करायचं, बसवायचं म्हणजे आवळायचं. त्याला काय अक्कल लागते?

आता उन्हात त्या पानावर तेलाचा एक डाग दिसला. अंगठ्याचा, मध्ये तिरकी चीर असलेला. समोरच्या पानावर त्याची छाप नव्हती.

चाळीस वर्षांची नजर आपोआप पुढे गेली. ओल्या तेलाचा डाग पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उमटतोच. मग ती छाप कुठे आहे? त्याने पानं मागे उलटली. दहा, वीस. आणि ती सापडली. तोच अंगठा, तीच चीर, फक्त आरशातल्यासारखी उलटी. तिच्या खालची ओळ होती: दांड्याच्या टोकाचा नट सैल करून काढावा.

म्हणजे ही दोन पानं समोरासमोर होती, आणि ते चित्र नट सैल करण्याच्या आधी येत होतं.

नट गंजामुळे घट्ट नव्हता. आतून स्प्रिंग ढकलत होती. आख्खा ट्रॅक्टर धडकला तरी मागे सरणार नाही एवढ्या जोराने ढकलत होती, आणि तिला आता तीन गंजके आटे धरून होते.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं. "असे पांढरे का पडलात?"

"काही नाही. मला वाटतं... कदाचित मी चुकत असेन."

आणि तो सवयीप्रमाणे पुन्हा खात्री करायला बसला. भिंग काढलं. डागावर डाग ठेवून पाहिला. चूक कबूल करायची तर ती आधी पक्की तरी हवी. मेहुणा हसेल. पोथी तुमची म्हणाला होता, पुन्हा म्हणणार नाही. भिंगाखाली चिरेवर चीर बसली. तरी त्याने कडेचं उंदराने खाल्लेलं भोक जुळवून बघितलं. तेही जुळलं.

तेवढ्यात शेडमधून हातोड्याचा आवाज आला. ठण्ण.

बाइंडर उठला तेव्हा खुर्ची पडली. अंगण तीसेक पावलांचं असेल. अर्ध्यातच एक चप्पल सुटली. "दादा!" तो ओरडला. तळघरात मुरलेला त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत जेमतेम पोचला. ठण्ण.

शेडच्या दारातून त्याला मेहुण्याची पाठ दिसली. नटाच्या अगदी समोर खोकं टाकून तो बसला होता. दांड्याच्या बगलेवर दोन घाव घालून झाले होते, आता नीट नेम धरून तिसरा घालायचा होता. एका हाताला ट्रॅक्टर, दुसऱ्या हाताला सुट्या भागांचा ढीग. मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट.

"दादा! थांबा!"

ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मागून खांद्याला हात लावावा, तर तो दचकणार आणि वर गेलेला हातोडा खाली येणार. बाइंडरने कधी कुणाच्या वाटेत उभं राहण्याचं धाडस केलं नव्हतं. तो ट्रॅक्टरला अंग घासत त्या फटीतून शिरला आणि मेहुणा व नट यांच्या मधे जाऊन उभा राहिला. नटाची थंड कड त्याच्या कमरेला लागली. तो श्वास सोडायलाही भ्यायला.

हातोडा हवेत थांबला.

"काय हो भाऊजी, मरायची हौस आलीये का?"

बाइंडर सावकाश वाकला आणि त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "मी पान चुकीच्या जागी शिवलं. ही स्प्रिंग दाबलेली आहे. ती नटाला आतून ढकलतेय."

"हॅं!" मेहुणा हसला. मग बाइंडरच्या काखेखालून त्याने दांड्याकडे पाहिलं. नटाच्या कडेला गंजाची बारीक लाल पूड गळत होती. आटे चुरत होते. त्याचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे बदलले.

"तीन आटे म्हणालात ना?"

"काल तीन होते."

मेहुण्याने हातोडा मांडीवर ठेवला, जणू काचेचा होता. "बाजूला व्हा."

"आधी तुम्ही."

"अहो, तुम्ही व्हाल तेव्हा मी उठणार ना! माझे गुडघे अडकलेत तुमच्यात."

दोघं इंच इंच करत, एकमेकांना धरून, ट्रॅक्टरच्या मागे आले. बाइंडर शिव्यांची वाट बघत उभा राहिला. शिव्या आल्या नाहीत.

"असंच सोडून जाता येणार नाही," मेहुणा म्हणाला. "चिमी झाडायला येते इथे. साखळदंड आणा."

बाजूने, दांड्याच्या रेषेत न येता, त्यांनी स्प्रिंगला दोन्ही टोकांच्या लोखंडी चकत्यांसकट साखळदंडाचे वेढे घातले. ओंडक्यांच्या फटीतून साखळी ओढून घ्यायला मेहुण्याचे पंजे शिरेनात. दाभण धरून बारीक राहिलेली बाइंडरची बोटं शिरली. तिसऱ्या वेढ्याला आतून टिक्‌ असा आवाज आला. दोघंही डोळे मिटून थांबले. काही झालं नाही. बाइंडरच्या नाकावरून घाम ओघळून साखळीवर पडत होता आणि त्याला तो पुसायची हिंमत होत नव्हती. पाच वेढे झाले, चेनकप्पीने ते आवळले. मग मेहुण्याने बाजूनेच नटावर पाना चढवून त्याच्या पाइपाला दोर बांधला, आणि दोघं दोराचं टोक घेऊन घराच्या भिंतीआड गेले. बायकोला त्यांनी आत पिटाळलं. ती गेली नाही. नवऱ्याचा सदरा मागून मुठीत धरून उभी राहिली.

"ओढा."

पहिल्यांदा नुसता दोर ताणला. दुसऱ्यांदा आवाज झाला तो बाइंडरला कानात नव्हे, दातांत ऐकू आला. पत्रे खणखणले. झाडावरची पाखरं उडाली. मेहुण्यालासुद्धा ऐकू आलं.

धूळ बसल्यावर ते आत गेले. स्प्रिंग हातभर उसळून साखळदंडात अडकली होती. दोन कड्या ताणून लांबट झाल्या होत्या. मेहुणा बसला होता त्या खोक्याच्या ढलप्या झाल्या होत्या, आणि त्यामागच्या दाराच्या फळीला वाटीएवढं भोक पडलं होतं. त्यातून पलीकडचं अंगण आणि बाइंडरची सुटलेली चप्पल दिसत होती.

"बास झालं," बायको म्हणाली. "भंगारवाल्याला बोलवा. आजच्या आज."

मेहुणा ढलप्यांकडे बघत उभा राहिला, मग वळला आणि आपल्या खोलीकडे चालू लागला. बाइंडरला ती खोली आणि तिची भिंत आठवली. ही भीती वेगळी होती.

"दादा," तो म्हणाला. ऐकू गेलं नाही. त्याने छाती भरून घेतली. "दादा! दुसऱ्या बाजूला पण एक स्प्रिंग आहे!"

मेहुणा थांबला.

बाइंडर घरात गेला, निळं पुस्तक घेऊन आला आणि अंगणाच्या फरशीवर मांडी घालून बसला. चाकूने त्याने स्वतःची शिवण कापली. पानन्‌पान सुटं करून फरशीवर मांडलं, प्रत्येकावर खडा ठेवला, आणि डागाला डाग, भोकाला भोक जुळवत पहिल्यापासून सुरुवात केली. एखादं पान जुळलंसं वाटलं की तो ते पुन्हा उचलून बघायचा.

बऱ्याच वेळाने त्याच्या शेजारी सावली पडली. मेहुणा उकिडवा बसला आणि त्या अंगठ्याच्या डागावर त्याने बोट ठेवलं.

"हा बाबांचा. पत्र्याने कापला होता." "मी बघितल्याशिवाय आता शिवायचं नाही. दोघांनी बघायचं."

"तुम्ही हसाल असं वाटलं मला. म्हणून... सकाळी मी दोनदा तपासत बसलो. तेवढ्यात तुम्ही मेला असता."

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं.

"मग पुढच्या वेळी आधी ओरडा, मग तपासा," तो म्हणाला, आणि डावा कान पुढे केला. "वाचा. शिकंज्याचं पान. पहिल्या ओळीपासून."

बाइंडरने वाचायला सुरुवात केली.

"मोठ्यांदा, भाऊजी."

त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. समोर कोणीही उभे राहू नये, या ओळीला त्याचा आवाज अंगणभर घुमला, तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी थांबली आणि बायको दारात येऊन ऐकू लागली.