भाऊंसकट क्लोन

शेलूबाजारच्या चौकात धम्मदीपाचं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. छपाई वाशिमला होते. चेहरे इथे तयार होतात. आसपासच्या प्रत्येक युवा नेत्याचं, मग तो साठीचा का असेना, मुंडकं तिने कापून कॉम्प्युटरात ठेवलेलं आहे. धड सगळ्यांना मिळून एकच आहे: पांढरा कुर्ता, जोडलेले हात. त्यात आजवर कुणाला काही वावगं वाटलेलं नाही.

मंगळवारी त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. वाजणारी डिस्क फार दिवस जगत नाही. धम्मदीपाने नवी डिस्क आणली, आणि जुनीतलं सगळं नवीत कोणत्या सॉफ्टवेअरने उतरवायचं ते ठरवायला बसली. तेवढ्यात जानरावभाऊ आले. गाळा त्यांच्याच मालकीचा. दुसऱ्या दिवशी त्यांचा चौथ्या पक्षात जाहीर प्रवेश होता आणि त्याचा फ्लेक्स संध्याकाळपर्यंत छपाईला जायचा होता.

"भाऊ, आताच काम नाई होत. मले पयले बॅकअप पाहिजे."

"मंग मी कायले हाव?" भाऊंनी छातीवर हात ठेवला. "कोन तरास देऊन राह्यलं? नाव सांग फक्त. माहा पुरा बॅकअप हाये तुले."

तिने त्यांना डिस्कची टकटक ऐकवली. आपला बॅकअप एका डबीसाठी लागत नाही, हे कळल्यावर भाऊ जरा खट्टू झाले.

"मंग मोबाइलवर नवा फोटो मार अन् दे लावून."

"मारते. पण केस पांढरे येतीन."

भाऊ बसले. फ्लेक्सवरचे काळेभोर भाऊ फक्त त्या डिस्कमध्ये उरले होते.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट म्हणून उतरलं आणि 'सुरू करा' दाबताच पैसे मागायला लागलं. भाऊंना ते ओळखीचं वाटलं. दुसरं मोठं देखणं होतं. सगळे फोल्डर एका रांगेत, प्रत्येकासमोर चौकोन. ज्यावर टिचकी मारली तेवढंच नवीत जाणार. भाऊंनी खुर्ची पुढे ओढली आणि फोल्डरांची नावं वाचायला लागले. 'जानराव पक्ष एक', 'जानराव पक्ष दोन', 'जानराव पक्ष तीन'. तिसऱ्यात 'भाऊ नाही' नावाची एक फाइल होती. तिसऱ्या पक्षात असताना भाऊंनी चौदा एप्रिलच्या फ्लेक्सवरून स्वतःचा फोटो काढायला लावला होता, तो फ्लेक्स.

"हे बेस हाये," भाऊ म्हणाले. "हेच सॉफ्टवेअर घे. फक्त ह्या तिघायच्या टिचक्या काढ."

"काहून?"

"काहून म्हंजे? जुनं झालं ते."

"जुनं तं तुमचं मुंडकंबी हाये, भाऊ. ते तं पाहिजे तुमाले."

"मुंडक्याची गोष्ट येगळी हाये."

धम्मदीपाने ते देखणं सॉफ्टवेअर बंद केलं आणि पेनड्राइव्ह लावला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. चित्र नाही, चौकोन नाही. हे तिसरं सॉफ्टवेअर क्लोन करतं, म्हणजे डिस्क जशी आहे तशी दुसरीवर उतरवतं. कोण मोठा, कोण कोणत्या पक्षात, याची चौकशी करत नाही.

"ह्याच्यात टिचकी कोठी हाये?"

"नाई. सारं येते, नाईतं काईच येत नाई."

भाऊंचा आवाज खाली आला. तो खाली आला की गाव सावध होतं. "बाई, गाळा कोनाचा हाये?"

"गाळा तुमचा. डिस्क माही."

"गाळा खाली करा लागन."

"करीन. पण माह्या डिस्कमंदी कोन राह्यन ते मी ठरवीन. अन् सारे राह्यतीन."

जुनी कोणती आणि नवी कोणती, हे तिने दोनदा तपासलं. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि दोन्ही कोऱ्या होतात. भाऊंनी उलटंच करून पाहायला सुचवलं. तिने सुलटं करून बटण दाबलं.

"भाऊ, आता हात नका लावू. मधात लाइट गेली तं जुनी डिस्क पुन्हा उठन का नाई, भरोसा नाई. मंग उद्याचा फ्लेक्सबी गेला, अन् काळे केसबी."

लाइट तिथे दुपारी जातेच. भाऊंनी घड्याळ पाहिलं, भिंतीवरच्या जुन्या इन्व्हर्टरकडे पाहिलं आणि लाइनमनला फोन लावला. "आज शेलूची लाइट गेली तं माह्याशी गाठ हाये!"

त्या दुपारी शेलूबाजारची लाइट गेली नाही. गिरण्या चालल्या, पंखे फिरले, लोक एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. जानरावभाऊंच्या साऱ्या कारकिर्दीतलं लोकांच्या प्रत्यक्ष उपयोगी पडलेलं ते पहिलं काम. त्याचा तेवढा फ्लेक्स निघाला नाही.

क्लोन पूर्ण झाला. धम्मदीपाने नव्या डिस्कवरून चौथ्या पक्षाचा फ्लेक्स बनवला, वेळेत पाठवला. भाऊ म्हणाले, "आता तरी ते तीन पूस." ती म्हणाली, "नाई." भाऊ म्हणाले, "मंग सामान उचल." तिने उचललं.

रस्त्याच्या पलीकडे रूपला राठोडाचं टिनाचं शेड रिकामं होतं. शुक्रवारी तिथे दुकान लागलं, आणि दारावर तिचा स्वतःचा फ्लेक्स. त्यावर फोटो नाही, शुभेच्छुक नाही. एकच ओळ: 'कोणाचेही जुने फ्लेक्स जसेच्या तसे काढून मिळतील.'

दुपारच्या आत रांग लागली. जानरावभाऊही आले, तोंडाला रुमाल बांधून.

"त्या विनोदचे काढ," ते हळूच म्हणाले. "आता आमच्यातच हाये, पण आमच्या पक्षाले शिव्या देत होता तवाचे. मोठ्या साइजमंदी."

"काढते. पण लाइनीत या, भाऊ," धम्मदीपा मान वर न करता म्हणाली. "विनोदभाऊ तुमच्या पयले आले. त्यायच्यासाठी तुमचेच जुने फ्लेक्स काढून राह्यली."